चव्वेचाळीस इंची तारा

मास्तरांनी गिटार कापड बेतायच्या टेबलावर आडवी निजवली, गळ्यातला टेप ओढला आणि शेंड्यापासून बुडापर्यंत माप घेतलं. चव्वेचाळीस इंच. तीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाचं माप चुकलं म्हणायची गल्लीत कुणाची छाती नव्हती.

गिटार लेकीची. जाड आवाजाची, चार तारांची, तिला बेस म्हणतात. लेक चणीने लहान, म्हणून गिटारही आखूड मापाची. तारा जुन्या होऊन आवाज पार मेला होता, आणि आज संध्याकाळी सहाला कार्यक्रम. तो ऐकूनच बँडचे सर ठरवणार होते, हिला बँडमध्ये ठेवायचं की नाही. सकाळी ती बजावून गेली होती, "बाबा, आखूड तारा तेवढ्या आणून ठेवा. बसवू नका, मी बसवीन." यातलं शेवटचं वाक्य मास्तरांच्या सोयीच्या कानात शिरलं नाही.

"लांब की आखूड?" वाद्यांच्या दुकानदाराने विचारलं.

"आखूड. चव्वेचाळीस इंच."

"अहो, आखूड म्हणजे तीस. लांबसुद्धा चौतीसच असते."

"मी स्वतः मोजलंय!"

"मग लांबच न्या बाबा," म्हणून दुकानदाराने हात टेकले.

आता कोटाची उंची माणसाच्या टोपीपासून कुणी धरत नाही. गिटारचंही तसंच, तार जेवढी वाजते तेवढंच तिचं माप. मास्तरांनी टोपीसकट मोजली होती.

घरी येताच त्यांनी जुन्या तारा पकडीने तोडल्या. परतीचे दोर कापणं म्हणतात ते हेच. नव्यातल्या तीन बारीक तारा ओढूनताणून बसल्या. चौथी, सगळ्यात जाड, काही केल्या खुंटीच्या खाचेत शिरेना आणि वर हातभर उरली. उरलेलं कापायचं, एवढं मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खुंटीपाशी बरोबर खूण केली आणि कट्‌कन कापली. कापल्याबरोबर तारेवरचं वेटोळं झरझर उसवलं. शिवाय खुंटीला गुंडाळायला तार उरलीच नाही.

"माया नाही सोडलीत?" बायकोने दारातून विचारलं.

"लेकीवरची माया काढतेस होय माझी?"

"अहो, तारेला! फडक्याला दोन बोटं माया सोडता, मग हिला काय झालं होतं?"

मास्तर वाद्यांच्या दुकानाकडे पळाले. दुकानाला कुलूप. परत आले तर लेक टेबलापाशी उभी.

"चौथी कुठाय, बाबा?"

मास्तरांनी खिशातून तुकडा काढला. लेक मटकन खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता सर मला काढणार." मास्तरांना इतकं वाईट आयुष्यात वाटलं नव्हतं. तीन तारांची गिटार उचलून ती निघाली आणि ते गुन्हेगारासारखे मागोमाग चालले.

कार्यक्रमभर मास्तर शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसले. तो संपताच सर तरातरा आले.

"हिचे वडील कोण?"

"मी," मास्तर उठले. "पोरीची काही चूक नाही हो. माप माझं चुकलं."

"चुकलं कसलं! वर्षभर घसा फोडतोय मी, त्या जाड तारेवर घाव घालू नकोस, गाणं बुडतं. आज पहिल्यांदा गाण्यातले शब्द ऐकू आले! पोरगी बँडमध्ये राहिली. आणि चौथी तार लावायची नाही, सांगून ठेवतो."

लेकीला हसावं की चिडावं कळेना. मास्तरांची मान मात्र हळूहळू ताठ झाली. "बेतातच शोभतं सगळं," ते गंभीरपणे म्हणाले. लेकीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

तेवढ्यात मागून एका थकलेल्या गृहस्थांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मास्तर, मी ड्रम वाजवणाऱ्याचा बाप. आमच्याकडे माप घ्यायला कधी येता?" मग आजूबाजूला पाहत ते हळूच म्हणाले, "येताना मोठी कात्री आणा."