डॉक्टर उभे राहिले

आठ दिवसांत खुर्ची सोडून दाखवतो, असं मी आमच्या सौभाग्यवतींना, सुलोचनेला, छातीठोकपणे सांगितलं आणि वाचकहो, सांगायला अभिमान वाटतो, ती मी दुसऱ्याच दिवशी सोडली! पुढे जे काही झालं त्यात माझी चूक कुणाला दिसली तर जरूर कळवा. मला अजून दिसलेली नाही.

जुनी इंदूर भागात माझा दवाखाना सतरा वर्षं चालू आहे आणि ही सतरा वर्षं मी एकाच वेताच्या खुर्चीत काढली. सकाळी आठला बसायचं ते एकला जेवायला उठायचं. चारला पुन्हा बसायचं ते आठपर्यंत. पेशंटचं स्टूल माझ्या हाताच्या अंतरावर. नाडी, जीभ, छाती, पोट, सगळं बसल्या जागी. 'वळा' म्हटलं की पेशंट वळणार, मी वळणार नाही! औषध बांधून द्यायला खिडकीपलीकडे कंपाउंडर मारुती. सगळं कसं घड्याळासारखं चाललं होतं. फक्त माझ्या कोटाचं मधलं बटण लागेनासं झालं होतं.

अशात विलायतेहून येणाऱ्या एका वैद्यकीय मासिकात मी वाचलं, की लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर उभं राहून वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांची हृदयं जास्त मजबूत असतात. मी मासिक मिटलं. म्हणजे मी सतरा वर्षं ड्रायव्हर होतो तर!

"आठ दिवसांत खुर्ची सोडतो आणि उभ्यानं पेशंट तपासतो," मी जाहीर केलं.

"तपासा. रात्री पाय चेपायला मात्र मला हाक मारू नका," सुलोचना म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी मारुतीकडून खुर्ची माळ्यावर टाकवली आणि टेबलाच्या पायांखाली विटा घालून ते छातीपर्यंत उंच केलं. मी उभा राहिलो. काय सांगू, पहिल्या पाच मिनिटांतच हृदय मजबूत झाल्यासारखं वाटलं!

पहिले पेशंट आले कृष्णराव. सचिवालयात कारकून. आता आमच्या मध्यभारत राज्याला राजधान्या दोन. उन्हाळ्यात सरकार इंदुरात, थंडीत ग्वाल्हेरला. फायली, कपाटं, कारकून, सगळ्यांनी दरसाल बिऱ्हाड उचलायचं. कृष्णरावांना सोमवारी ग्वाल्हेरला हजर व्हायचं होतं आणि या खेपेला हेडक्लार्क म्हणून! बावीस वर्षं त्यांनी ही जागा मिळायची वाट बघितली होती. सोमवारी हजर झाले नाहीत तर ती त्यांच्या खालच्या माणसाला जाणार होती. म्हाताऱ्या बापाच्या डोळ्यांदेखत हेडक्लार्क व्हायचं, एवढीच एक इच्छा राहिली होती बिचाऱ्यांची.

"प्रवासापुरतं खोकल्याचं औषध द्या, बस्स!" ते म्हणाले.

आता कंडक्टर झालो होतो म्हटल्यावर मी त्यांना असं सोडणार होतो का? मी त्यांच्याभोवती फिरून पुढून छाती तपासली, मागून पाठ तपासली, खिडकीशी नेऊन उजेडात डोळे बघितले. वर मायेनं खांद्यावर हातही ठेवला. एरवी बसल्या जागेवरून एवढी माया करायचं सुचत नसे.

"डॉक्टरसाहेब, खुर्ची कुठे गेली?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"आता तिची काही गरज नाही!"

कृष्णरावांनी टोपी काढून हातात घेतली. "किती दिवस?"

"खोकला ना? चार. फार तर पाच," मी हसून म्हणालो.

ते औषधाची बाटली तिथेच विसरून गेले. त्यांच्यामागे बाकावर बसलेले नऊजण एकेक करून उठले. एक म्हणाला, "मला आता बरं वाटतंय." दुसरा म्हणाला, "मला तर काही झालंच नव्हतं." दुपारपर्यंत दवाखान्यात मी, मारुती आणि सोळा विटा एवढेच उरलो.

"साहेब, पब्लिक घाबरून गेली ना!" मारुती म्हणाला. "सतरा सालात तुम्ही पेशंटसमोर खुर्चीतून उठलात किती वेळा? दोन! एकदा पोस्टमास्तरांसाठी, एकदा त्या पेढीवाल्या शेठसाठी. दोघेही आठवड्यात गेले. सगळ्या मोहल्ल्याला मालूम आहे, डॉक्टर उठले म्हणजे खेळ खलास!"

"अडाणीपणा!" मी गरजलो. "लोकांना सवय होईल!"

लोकांना सवय होण्याआधी शुक्रवारी कृष्णरावांचा मेहुणा नंदू धापा टाकत आला.

"भावजींनी अंथरूण धरलंय! म्हणतात, मरायचं तर इंदुरातच मरीन, ग्वाल्हेरला कशाला जाऊ? हेडक्लार्की नको म्हणून अर्जही लिहून ठेवलाय. दुपारच्या टपालानं टाकायला सांगितलंय. वो अर्ज गया तो सब गया, डॉक्टरसाहेब!"

 घाबरेल तो डॉक्टर कसला! टांगा बोलवायलाही न थांबता मी पायीच सुटलो. तेवढाच व्यायाम. आता मी कधी रस्त्यानं चाललेला कुणी बघितलेला नाही, त्यात भरभर! पानवाल्यानं दुकानाची फळी लावली आणि तो माझ्यामागे निघाला. त्याच्यामागे न्हावी, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेला माणूस. कृष्णरावांच्या दाराशी पोचलो तेव्हा मागे तीस-चाळीस मंडळी मान खाली घालून उभी होती.

दारात त्यांच्या पत्नी अंबिकाबाई. मला आणि माझ्यामागच्या गर्दीला बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"वहिनी, रडताय कशाला? कृष्णराव ठणठणीत आहेत!"

"तुम्ही चांगले आहात हो, भावजी. असंच बोलणार," त्या हुंदका देत म्हणाल्या.

आत कृष्णराव छातीवर हात घेऊन पडले होते. उशाशी त्यांचे ऐंशी वर्षांचे वडील अप्पासाहेब मुलाचा हात धरून बसले होते. ते बघून मला खरंच भडभडून आलं.

"कृष्णराव, तुम्हाला काहीही झालेलं नाही!"

"मला फसवू नका, डॉक्टरसाहेब."

"साधा खोकला आहे हो! अख्ख्या इंदुरात आहे!"

"पण तुम्ही उभे आहात," कृष्णराव म्हणाले.

 मी नाडी बघितली, छाती बघितली, लंडनच्या कंडक्टरांची सगळी हकीकत सांगितली. मी जितकं मोठ्यानं बोलावं तितका त्यांचा चेहरा उतरत चालला. तिकडे नंदू पाकीट हातात घेऊन घड्याळाकडे बघत होता. टपाल निघायला पंधरा मिनिटं!

शेवटी मी एक धोरणी निर्णय घेतला. दोन दिवस उभं राहून पाय सुजले होते म्हणून नव्हे, गैरसमज नको. ग्वाल्हेरसाठी बांधून ठेवलेली ट्रंक भिंतीशी होती. तिच्यावर मी बसलो.

 कृष्णरावांनी डोकं उचललं.

"बसलात?"

"बसलो."

"आरामात?"

"एकदम! वहिनी, चहा टाका!"

कृष्णराव कोपरावर उठले. मी पाठ भिंतीला टेकवल्यावर त्यांच्या तोंडावर रंग आला. पाय पसरले तेव्हा त्यांनी नंदूच्या हातातलं पाकीट घेऊन टराटरा फाडलं! अप्पासाहेब रडायला लागले, मीही थोडा रडलो. बाहेर आरोळी गेली, "डॉक्टर बसले, भिया! चलो अपने अपने घर!"

चहा झाल्यावर मी निघायला म्हणून जरा उठलो, तर कृष्णराव पुन्हा छातीवर हात घेऊन आडवे झाले. मी परत बसलो. असा साडेतीन तास बसून होतो! तेवढ्या वेळात त्यांनी ताटभर गराडूच्या कंदाचे तळलेले काप खाल्ले आणि सोमवारी ते ग्वाल्हेरला वेळेवर हजर झाले. माझ्या हयातीत इतका गुणकारी इलाज मी दुसरा केलेला नाही.

उन्हाळ्यात सरकार इंदुरात परतलं तसे हेडक्लार्कसाहेबही परतले. जिवावरचं टळलं म्हणून ग्वाल्हेरला रोज पहाटे चार मैल चालायला लागले होते म्हणे. अंगानं सडसडीत, गालांवर लाली. माळ्यावरून परत आलेल्या माझ्या खुर्चीसमोर स्टुलावर बसून मलाच उपदेश करायला लागले.

"डॉक्टरसाहेब, बुरा मत मानो, पण किती बसता तुम्ही! बसून बसून तब्येत बिघडते. जरा उठत जा."

"बरोबर बोललात!" मी म्हणालो आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धा उठलो.

कृष्णरावांची लाली क्षणात उतरली.

"नको नको! आत्ता नको!" ते ओरडले. "मी बाहेर पडल्यावर उठा!"

मी खाली बसलो. शेवटी पेशंटची तब्येत आधी!