ओला रिपोर्ट, सुका रिपोर्ट

आमच्या गल्लीतल्या माणसांच्या मनगटावर घड्याळ असो नसो, वेळ मात्र लिहिलेली असते. बॉलपेनने, ठळक आकड्यांत. १०.१०. १०.२५. स्मृती नगरात कोणी नवीन राहायला आलं की पहिले चार दिवस त्याला वाटतं, इथे कसली तरी लस टोचून राहिलेत. पाचव्या दिवशी त्याच्याही मनगटावर आकडे उमटतात आणि तो आमच्यातला होतो. हे सगळं रामटेके काकांचं काम.

रामटेके काका आमच्या समोरच्या घरात राहतात. स्टील प्लांटच्या लॅबोरेटरीतून रिटायर झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण लॅबोरेटरी त्यांच्यातून अजून रिटायर झालेली नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि हातात ड्यूटीच्या काळातला जेवणाचा चपटा डबा. त्या डब्यात आता पोळ्या नसतात, अत्तराची एक शिशी आणि कापसाचे बोळे असतात. सकाळी दहाच्या सुमारास आमचं फाटक वाजतं.

"जयभीम, मास्तर. हात दे."

मी नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो म्हणून मास्तर. माझी बॅच दुपारची असते, त्यामुळे सकाळी मी घरी असतो आणि हमखास सापडतो.

काका मनगट उलटं करतात, त्यावर बोळा दोनदा फिरवतात, बाजूला वेळ लिहितात आणि म्हणतात, "ओला सांग." अत्तर ओलं असताना वास कसा येतो ते सांगायचं. सुरुवातीला मी नुसतं "छान आहे" म्हणत असे. काका पेन खाली ठेवायचे.

"छान हा काही वास नसते, मास्तर. छान तं माणूसबी असते. नीट सांग, कशासारखा येऊन राहिला?"

मग मी डोळे मिटून सांगायचो, की खस आहे, मे महिन्यात कूलरच्या नव्या गवतावर पहिलं पाणी सोडल्यावर जसा येतो तसा आहे. ते वहीत लिहून घ्यायचे. हा झाला ओला रिपोर्ट. त्यानंतर पाऊण तास बसायचे. या वेळात अत्तराविषयी बोलायचं नाही, हात धुवायचा नाही, आणि मनगट नाकाशी न्यायचं तर मुळीच नाही, कारण त्याने म्हणे निकाल बिघडतो. पाऊण तासाने "सुका सांग." त्याच खसला तेव्हा थंडपणा उरलेला नसे. जुन्या कपाटाचा खालचा कप्पा उघडावा तसा काहीसा मुळांचा वास येई. काका तेही लिहून घेत, चहाचा कप स्वतः विसळत आणि पुढच्या घरी जात.

"ओल्यावर भरोसा नाई ठेवाचा," हे त्यांचं आवडतं वाक्य. उदाहरणाला हिना. ओला असताना वैद्याच्या काढ्यासारखा कडवट, नाक मुरडायला लावणारा. तासाभराने तोच असा मऊ होतो की आपलंच मनगट आपल्याला सोडवत नाही. केवडा याच्या उलट, येताना ढोल वाजवत येतो आणि सुकल्यावर घरात कोणी नसतं. हा नियम काका जगातल्या सगळ्या गोष्टींना लावत. नव्या नगरसेवकाने गल्लीत येऊन हात जोडून भाषण केलं, तेव्हा सगळे खूश झाले. काका शांतपणे म्हणाले, "ओला हाय अजून. सुकू द्या." सहा महिन्यांनी तो नगरसेवक केवड्याच्या जातीचा निघाला.

प्रत्येकाच्या कातडीचाही त्यांनी अभ्यास केलेला होता. माझ्या हातावर गुलाब आंबतो. हे त्यांनी मला माझ्या सासूबाईंसमोर सांगितलं. कोपऱ्यावरच्या साहूबाईंचं मनगट मात्र त्यांच्या मते अव्वल. साहूबाईंना कोणताही मोगरा लावा, ओला असताना कच्च्या केळ्यासारखा आहे असं त्या बिनदिक्कत सांगत आणि पाऊण तासाने हसून म्हणत, "अब बने महकत हे," म्हणजे आता छान दरवळतोय. काका ते छत्तीसगढीतच उतरवून घेत. बँकेतल्या एका पोराने एकदा चंदनाला "अंकल, फिनाइल" असं म्हटलं, तेव्हापासून त्याचं घर काकांनी सोडून दिलं.

या प्रकाराचा त्रास कोणाला झाला असेल तर मला. त्या पाऊण तासात मी भाजी आणायला निघताना माझ्या हाताला गुलाबाचा वास असायचा आणि परतताना भलताच काहीतरी. लग्नाला बारा वर्षं झालेल्या माझ्या बायकोने एकदा दारातच अडवलं. "जाताना एक वास, येताना दुसरा. मध्ये कुठे थांबला होता?" मी तिला ओलं आणि सुकं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण तिला पटलं तेव्हा, जेव्हा काकांनी येऊन वही दाखवली.

रिकामा माणूस, कसला तरी छंद हवा, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग एक दिवस असं झालं की बायको गॅसवर दूध ठेवून वर कपडे वाळत घालायला गेली आणि विसरली. मी न्हाणीघरात होतो, बोळा लावायचा अजून बाकी होता. बाहेर आलो तो घरभर करपल्याचा वास, पातेलं काळं ठिक्कर. आणि स्वयंपाकघराच्या दारापासून चार हातांवर काका खुर्चीत बसून निवांत पेपर वाचत होते.

"काका, दूध जळून गेलं."

"हो का?" ते दचकून उठले. मी काही विचारण्याआधीच त्यांनी बाहेरचं दार ओढून घेतलं.

"मास्तर, मले वास येत नाई," ते म्हणाले. "कोरोनापासून. काकूले तेवढं सांगू नको."

त्या साथीत आधी काकू आजारी पडल्या होत्या. पोरगी लग्न होऊन दूर चंद्रपूरला, तिला येता येईना. काकांनीच बारा दिवस काकूंचं सगळं केलं, मग स्वतः पडले. काकूंचं नाक महिन्याभरात परत आलं. यांचं आलंच नाही.

"तिले समजलं तं म्हणन, माह्यापायी गेलं. मनाले लावून घेईन. जेवण सोडन ते बाई, मी ओळखतो न तिले."

पण मग हा अत्तरांचा खटाटोप कशाला? तर अत्तरं काकूंची होती. लग्न होऊन भंडाऱ्याहून इथे प्लांटच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हापासूनचा त्यांचा शौक. होमिओपॅथीच्या निळ्या शिश्यांत त्या अत्तरं भरून ठेवत आणि वर चिठ्ठ्या चिकटवत. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन थेंबभर लावायचं आणि नवऱ्यासमोर मनगट धरायचं, "सांगा बरं, कसा हाय?" जेवण झाल्यावर पुन्हा धरायचं, "आता सांगा." चाळीस वर्षांचा हा खेळ. संध्याकाळी लावायची शिशी त्या सकाळीच आरशाजवळ काढून ठेवत. काका ती गुपचूप डब्यात घालून नेत आणि गल्लीभर फिरून दुसऱ्यांच्या नाकांनी संध्याकाळचं उत्तर तयार करत.

मी म्हटलं, "नाव तर चिठ्ठीवर असतंच. मागच्या वेळचंच सांगायचं."

काकांना हे भलतंच लागलं. "बिना सँपलचा रिपोर्ट मी नौकरीत कधी देल्ला नाई. अन् बायकोले देऊ?"

त्या दिवसापासून मी मनगट पुढे करताना कुरकुर केली नाही. उलट रात्रीचं जेवण झालं की मनात यायचं, आपला रिपोर्ट पास झाला असेल का. एकदा मी हिन्याला, ट्रंकेतून थंडीची रजई काढल्यावर येतो तसा, असं म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी काका येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेले. "काकू म्हणे, तुमी तं आजकाल लय सुंदर बोलता."

मग एका सकाळी काका आठलाच आले. डबा नाही, वही नाही. शर्टाला इस्त्री नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मास्तर, काकूचं नाक गेलं."

आदल्या दिवशी त्यांनी चष्मा न लावता शिशी उचलली होती. फळीवरची खसची उचलली, काकूंनी आरशाजवळ काढलेली होती ती गुलाबाची. आमच्याकडून खसचा रिपोर्ट घेऊन गेले. संध्याकाळी काकूंनी गुलाब लावला आणि मनगट पुढे केलं. काकांनी कूलरचं गवत आणि पहिलं पाणी असं सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, "अगदी बरोबर." जेवणानंतर काकांनी जुनं कपाट सांगितलं. काकू पुन्हा म्हणाल्या, "बरोबर." आज सकाळी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्यावर त्यांना चूक दिसली.

"गुलाबाले खस म्हटलं अन् तिले समजलं नाई. तिच्या मायचं असंच झालं होतं, मास्तर. पयले वास गेला. मंग नावं गेली. मंग माणसं ओळखेना." काकांनी माझी बाही धरली. "मी कसा तपासू? माहंच नाई तं मी काय तपासू? तू जाय. तिले समजू देऊ नको, अन् पाहून ये."

मला काकांची इतकी दया कधी आली नव्हती. मी त्यांना आमच्याच घरी बसवलं, बायकोची मोगऱ्याची कुपी उचलली आणि समोर गेलो.

काकू तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, बायकोने हे अत्तर घेतलंय, कसं आहे जरा सांगता का? काकूंनी बूच काढलं आणि हातभर अंतरावरूनच परत लावलं.

"मोगरा हाय. पण भेसळीचा. खालून रॉकेलवानी येऊन राहिलं." मग सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्याइनं धाडलं न तुमाले?"

माझ्या चेहऱ्यावर गणितासारखं सगळं मांडलेलं असावं. काकू हसल्या.

"मले मालूम हाय, मास्तर. पयल्याच उन्हाळ्यात समजलं. वरण आंबलं होतं, मी फेकाले ठेवलं होतं. हे दोन वाट्या जेवले, वरून म्हणे छान झालं."

"मग सांगितलं कावून नाही?" बोलता बोलता मीही त्यांच्यासारखा बोललो.

"कसं सांगू? माह्यासाठी लपवून राहिले ते. बीमारीतून उठल्यावर हा माणूस घराबाहेर पाय टाकत नव्हता. दिवसभर खाटेवर, भिताडाकडं तोंड. मी एक दिवस मनगट धरलं, कसा हाय म्हटलं. लय घाबरले. दुसऱ्या दिवशी पाहतो तं आंघोळ करून, डबा घेऊन चालले साहूबाईकडं." त्यांनी सूप पुन्हा पुढे ओढलं. "तवापासून मी एक दिवस खाडा केला नाई. कधी मलेबी कंटाळा येते अत्तराचा. पण लावतो."

"आणि काल?"

"काल चुकले. चुकलं कसं म्हणू? त्याइचं तोंड पाहवलं नसतं."

मी त्यांना काकांची भीती सांगितली. आई, नावं, माणसं, सगळं. काकूंचं हसू गेलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. माझ्यापुढे वेगळाच पेच होता. नाक ठीक आहे म्हणून सांगावं, तर काका विचारणार, मग बरोबर का म्हणाली? तेव्हा सगळंच उघडं पडणार.

काकू उठल्या आणि गुलाबाची शिशी घेऊन आल्या. "त्याइले सांगा, शिशीत खसच होता. मीच भरताना चुकलो, चिठ्ठी तेवढी गुलाबाची होती."

"पण शिशीत तर गुलाब आहे."

"तेच तं. ल्याबचा माणूस हाय, उद्या ते शिशी घेऊन दुसऱ्या घरी जातीन." असं म्हणून त्यांनी शिशी माझ्या हातावर पालथी केली. फेकवेना म्हणाल्या. दोन्ही हातांना कोपरापर्यंत त्यांनी तो गुलाब चोळला, रिकाम्या शिशीत खस भरला आणि ती आरशाजवळ ठेवून मला वाटेला लावलं.

रस्ता ओलांडताना माझं डोकं गरगरत होतं. घरात शिरलो तसा वास माझ्या आधी पुढे गेला. चहा घेऊन येणारी बायको दारातच थबकली. तिने नाकाला हात लावला, माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि कप ठेवून आत गेली. काकांना वास येत नाही हे तिला बहुतेक तेव्हाच कळलं.

काकांनी माझा हात घट्ट धरला. "सांग."

मी सांगितलं. मोगऱ्यातलं रॉकेल हातभर अंतरावरून ओळखलं. काल चूक कोणाची नव्हती, गुलाबाच्या शिशीत खस भरला गेला होता, अत्तराच्या गप्पांत काकूंनीच मला दाखवलं. मी हे बोलत होतो तेव्हा माझं मनगट त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होतं. गुलाबाने खोली भरून गेली होती, माझे डोळे चुरचुरत होते. काका माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होते. खरं काय ते त्यांच्या हातात होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. मला रडू आवरेना, आणि ते अत्तराने होतंय असं सांगायचीही सोय नव्हती.

"म्हंजे तिले वास येते."

"येतो काका. चांगला येतो."

त्यांनी एक मोठा श्वास घेतला, नाकानेच. मग चहाचा कप उचलला.

"मंग ठीक हाय, मास्तर," ते म्हणाले. "माहं गेलं तं गेलं. घरात एक नाक पायजे, ते तिचं हाय."