सिदूची खोड

सिदूच्या आयुष्यात आजवर काहीच घडलं नव्हतं आणि सोमवारच्या आत काहीतरी घडणं फार गरजेचं होतं. पुण्याच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात गरीब मुलासाठी एक मोफत जागा होती. तिच्यासाठी ‘माझ्या आयुष्यातील एक प्रसंग’ या विषयावर निबंध लिहायचा होता आणि वसतिगृहाचे रेक्टर स्वतः सोलापूरला, सिदूच्या शाळेत येऊन तो ऐकणार होते. जागा मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर बापाबरोबर मेंढरांच्या मागे. मॅट्रिक झालेल्या पोराला यापेक्षा स्पष्ट कुणी काही सांगायला नको होतं.

“आई, माझ्या आयुष्यात काय घडलंय गं?” त्यानं चुलीजवळ बसून विचारलं.

मायाक्का भाकरी थापत होती. “तुला गोवर आला हुता की.”

“गोवर सगळ्यांनाच येतो.”

“तुला लई आला हुता.”

एवढ्यावर दोन पानं भरणं कठीण होतं. मग सिदूनं एक लांडगा आणला. अंधारी रात्र, विजांचा कडकडाट, कळपावर चाल करून आलेला लांडगा आणि हातात काठी घेऊन उभा राहिलेला एकटा सिदू! शनिवारी त्यानं तो लांडगा घरात वाचून दाखवला. मायाक्कानं घाबरून दोनदा छातीवर हात ठेवला. बाप मात्र मान खाली घालून बसला होता. धुळानं सारा जन्म मेंढरांत काढलेला, बोलायचा तो बहुधा त्यांच्याशीच.

“लांडगा आला हुता, खरं हाय,” तो शेवटी म्हणाला. “पर तू तवा माझ्या घोंगड्यात हुतास.”

“आप्पा, निबंधात थोडं वाढवावं लागतं.”

“वाढव की. पर आपल्या मालाची तारीफ आपल्याच तोंडानं करत्यात व्हय? कोन इस्वास ठेवंल? तेला दलाल लागतो.”

सिदू हसला. आपला बाप गंमत करत नसतो, हे त्याला खरं तर माहीत होतं.

सोमवारी सिदू शाळेत पोचला तेव्हा व्हरांड्यात इतर मुलं निबंध पाठ करत बसली होती आणि त्यांच्यात मुंडासं बांधून धुळा बसला होता. शेजारी गुरप्पा! हा मेंढरबाजारातला दलाल. धुळाचे एडके वर्षानुवर्षं तोच विकत आला होता. मुक्या जनावराबद्दल तो अर्धा तास बोलू शके, मग बोलत्या माणसाबद्दल काय विचारता!

सिदूचं नाव पुकारलं गेलं तसे तिघेही आत शिरले. रेक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, पण हरकत घेतली नाही. सिदू वाचू लागला. लांडगा नुकता कुठं कुंपणाशी आला होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

“दोन.”

“काय?” रेक्टर म्हणाले.

“दोन लांडगं हुतं, साहेब. पोरगं लाजतंय. आता माल बघून घ्या. पाय बघा, लंगडत न्हाय. दात सगळं जागच्या जागी. सिदू, आ कर.”

वडीलधाऱ्यांचं ऐकायची सवय वाईट असते. सिदूनं आ केला.

“कॉलेजात दातांचं फारसं काम पडत नाही,” रेक्टर म्हणाले.

“साहेब, पारख दातावरनंच हुती,” गुरप्पानं त्यांना समजावलं आणि खांद्यावरचा रुमाल काढून रेक्टरांच्या हातावर टाकला. रुमालाखाली हात घालून त्यानं त्यांची चार बोटं दाबली. बाजारात भाव असाच ठरतो, बोटांनी आणि झाकून.

“हे काय चाललंय?”

“चार वर्षं ठिवून घ्या,” गुरप्पा कुजबुजला. “मोट्यानं बोलू नगा. भाईरची पोरं ऐकत्यात.”

रेक्टरांना हसू आवरेना, पण त्यांनी हात काढून घेतला नाही. धुळानं ते पाहिलं आणि तो एकदम उठला. सौदा जमत आलाय, असं त्याला वाटलं. आणि सौदा जमत आला की मालकानं खोड सांगायची असते. न सांगता माल खपवणारा माणूस धुळाच्या हिशेबी चोर होता.

“साहेब, एक खोड हाय,” तो म्हणाला. “कळपातनं काडला की ह्यो खात न्हाय. ल्हान असताना मोडनिंबला मामाकडं ठिवला हुता. अन्नाला शिवला न्हाय. मी जाऊन आनला.”

खोलीतलं हसू थांबलं. “मग तुम्ही काय केलंत?” रेक्टरांनी विचारलं.

“काय न्हाय. शेजारी बसलो. आदी म्या खाल्लं, मग त्यानं खाल्लं.”

रेक्टर गंभीर झाले. “घरची आठवण येऊन दरवर्षी आमची दोन-तीन मुलं पळून जातात. जागा फुकट जाते. सिदू, हे खरं आहे का?”

सिदूनं बापाकडं पाहिलं. मोडनिंबला तो मामाच्या घरी चापून जेवत होता. इकडे सोलापुरात ताटावरून उठत होता तो धुळा. चौथ्याच दिवशी तो पायी मोडनिंबला येऊन उभा राहिला आणि ‘पोरगं वाळलं’ म्हणत गुबगुबीत सिदूला घेऊन गेला. खरं सांगितलं असतं तर जागा पदरात पडत होती. पण धुळा त्याच्याकडे किती विश्वासानं बघत होता! मुंडाशाखालचा तो भाबडा चेहरा बघून सिदूला भडभडून आलं.

“खरं आहे, साहेब,” तो म्हणाला. “आप्पा शेजारी असले की मी जेवतो.”

रेक्टर म्हणजे शंभर मुलांच्या पंगतीत रोज फिरणारा माणूस. त्यांनी सिदूचे भरलेले गाल पाहिले, मग धुळाची बसलेली गालफडं पाहिली.

“निबंध राहू दे,” ते म्हणाले. “जागा तुझी. पण पहिले आठ दिवस वडिलांनी सोबत येऊन राहायचं. चालेल?”

“चालंल की!” धुळा इतक्या मोठ्यानं म्हणाला की व्हरांड्यातली पोरं दारात जमली. गुरप्पानं मात्र दोन लांडग्यांचं श्रेय शेवटपर्यंत सोडलं नाही.

आठ दिवसांनी धुळा पुण्याहून एकटाच परतला. वसतिगृहानं वाटेसाठी बांधून दिलेलं भाकरीचं फडकं त्यानं चुलीजवळ ठेवलं. मायाक्कानं गाठ सोडली. भाकरी जशीच्या तशी होती.

“वाटंत खाल्ली न्हाईसा?”

“पोरगं खात नसंल की तितं,” धुळा म्हणाला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

मायाक्का त्याच्या शेजारी येऊन टेकली, भाकरीचा एक तुकडा मोडून आधी आपल्या तोंडात घातला आणि उरलेली भाकरी त्याच्यापुढं सरकवली.