नळाचा दहावा

आमच्या हर्षालीचं लग्न झालं त्या साली, म्हणजे २०२३ च्या मे महिन्यात, गावाच्या असं लक्षात आलं की माणसाला तोंड एकच असतं, पण बोटं दहा असतात. तोंड आवरणारी माणसं घरोघर असतात. बोटं आवरायला समिती लागते.

झालं असं, की हर्षाली माझी नात. तिच्या लग्नाच्या पंगतीतून कुणीतरी गावाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘वरणात डाळ शोधू ऱ्हायलोय.’ त्यावर उत्तर आलं, त्यावर प्रत्युत्तर आलं, आणि सप्तपदी होईतो चौदा घरांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. (डाळ होती. मी स्वतः पाहिली.)

विंचूरपासून सहा किलोमीटरवर आमचं गाव. ग्रुपचं नाव ‘आपलं गाव, आपली माणसं’, सभासद चारशे बारा. शब्दानं कुणाला इजा होऊ नये आणि कुणाचं बोलण्याचं स्वातंत्र्यही जाऊ नये, या दुहेरी हेतूने ‘संदेश तपासणी समिती’ नेमली गेली. ग्रुपचा चालक शेखर, जो एरवी खताचं दुकान चालवतो, तो अध्यक्ष. सदस्य मी. मला अक्षरओळख अठ्ठावन्नाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात झाली. मी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचतो. ‘असा माणूस पाहिजे,’ शेखर म्हणाला, ‘आबांच्या बोटाखालून काय निसटणार?’

पद्धत सोपी होती. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं शेखरला पाठवायचं. आम्ही त्यातलं हानिकारक तेवढं काढायचं आणि उरलेलं ग्रुपवर टाकायचं. पहिल्या सहा महिन्यांत अकराशे चाळीस संदेश आले, चव्वेचाळीस पास झाले. त्यातले चाळीस ‘शुभ सकाळ’ होते. बाकीचे चार एका हरवलेल्या शेळीबद्दल होते. (शेळी काळी असल्याचा उल्लेख वगळण्यात आला. रंगावरून कुणाला हिणवू नये. शेळी अजून सापडलेली नाही.) भांडणं संपली. गावात इतकी शांतता याआधी फक्त लाइट गेल्यावर असायची.

मग २०२४ ची होळी झाली आणि खालच्या वस्तीवरचा नळ बंद पडला. तिथे माझी चुलत वहिनी चतुराबाई राहायची. वय ऐंशी, गुडघे त्याहून जुने. नळ गेल्यावर ती अर्ध्या कोसावरच्या विहिरीवरून पाणी आणायची, दिवसाला चार कळश्या. तिनं नातीकडून, निकिताकडून, मोबाईलवर लिहून घेतलं: ‘बावीस दिवस झाले. नळाला पाणी नाही. सरपंच झोपलाय का?’

समिती दोन तास बसली. ‘सरपंच झोपलाय का’ हा व्यक्तिगत हल्ला होता. ‘नळाला पाणी नाही’ यामुळे गावात घबराट पसरण्याचा संभव होता. दोन्ही काढली. ग्रुपवर गेलं ते असं: ‘बावीस दिवस झाले.’

एकसष्ट जणांनी अभिनंदन केलं. एकानं केकचं चित्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी डोक्यावर कळशी घेऊन माझ्या ओट्यापाशी थांबली.

‘भावजी, मी पाणी मागितलं व्हतं. लोकं मला केक देऊ ऱ्हायले.’

‘नियम सगळ्यांना सारखा हाय, वहिनी.’

‘मंग तुमच्या नियमात काय बसतं?’

‘शुभ सकाळ बसतं. अन मयत. मयतीचा निरोप थांबवायचा नाय, असं ठरलंय. शेखर पहिली ओळ बघतो अन पुढं ढकलतो.’

‘बरं,’ वहिनी म्हणाली. कळशी सावरून निघून गेली.

संध्याकाळी ग्रुपवर आलं: ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, खालच्या वस्तीवरील सार्वजनिक नळ यांचे दीर्घ आजाराने निधन झाले. मागे चाळीस घरे असा परिवार आहे. दशक्रिया विधी मंगळवारी सकाळी आठ वाजता, नळाजवळ.’

एकशे नव्वद जणांनी हात जोडले. त्यातल्या किती जणांनी पुढची ओळ वाचून जोडले, याची नोंद समितीकडे नाही.

आमच्याकडे दहाव्याला पुढारी आल्याशिवाय कावळासुद्धा शिवत नाही. तालुक्याच्या साहेबांचा स्वीय सहायक रोज सगळ्या गावांचे दहावे लिहून घेतो, वेळ आणि ठिकाण तेवढं. त्याप्रमाणे मंगळवारी गाडी आली. नळाला हार घातलेला होता, बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. साहेबांना पुढं अजून तीन दहावे होते. त्यांनी माईक घेतला.

‘मी त्यांना फार जवळून ओळखत होतो. दारी आलेल्याला ते कधी रिकाम्या हातानं पाठवत नसत. शेवटच्या काळात प्रकृती खालावली, पण आपण सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. याला मीही जबाबदार आहे.’

निकितानं हे सगळं मोबाईलवर चित्रित केलं. चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं. गेलेला माणूस दहाव्यानंतर परत आल्याचं हे आमच्या गावातलं पहिलंच उदाहरण.

त्यानंतर गावाला वाचा फुटली. रस्ता अपघाती गेला. पथदिवा ऐन तारुण्यात गेला. रेशनच्या दुकानातलं अंगठ्याचं यंत्र अल्पशा आजाराने गेलं. एका महिन्यात एकोणीस निधनं झाली, लोकसंख्या होती तेवढीच राहिली. बाहेरगावचे लोक विचारतात, तुमच्याकडे बोलायची मोकळीक आहे का? पूर्ण आहे. फक्त मेल्यावर बोलायचं. लोक निधनाची वाट पाहू लागले, हात जोडायच्या ऐवजी हसरे चेहरे टाकू लागले. जिच्यामुळे पाणी आलं ती वहिनी रोज सकाळी नळावर कळशी भरायची आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, ‘मेलेल्याला बरा पान्हा फुटला.’

पुढच्या फेब्रुवारीत निकिताचा आणखी एक संदेश आला. शेखरनं पहिली ओळ पाहून पुढं ढकलला. दहा मिनिटांत सत्तावन्न हसरे चेहरे आले. एकानं विचारलं, ‘आता काय बिघडलं?’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘दुरुस्तीला माणूस पाठवा.’ सत्तावन्नात पहिला चेहरा माझा होता. तोवर मीही भराभर वाचायला शिकलो होतो.

अर्ध्या तासानं निकिता माझ्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. मग मी चष्मा लावला आणि बोट ठेवून पुढची ओळ वाचली.

समितीनं तो संदेश नंतर रीतसर तपासला. त्यात हानिकारक काहीही आढळलं नाही. दहाव्याला साहेबांच्या सहायकानं फोन करून ‘नक्की माणूसच आहे ना?’ असं विचारलं, आणि खात्री न पटल्यामुळे साहेब आले नाहीत.

तुम्ही इथवर हसत आला आहात, तेव्हा ती ओळ खाली देतो. समितीनं तिच्यातलं काही काढलेलं नाही. बोट ठेवून वाचा.

चतुराबाई लहानू दरेकर, वय ८१, रविवार दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी, नळावरून पाणी आणल्यावर, घरी वारल्या.