पेंढ्याच्या बाईसाहेब

"माझा निळा कोट कुठाय?" मॉरीनने विचारलं.

क्लिफर्ड हॉबडेने मान वर केली नाही. जेवणाच्या टेबलावर एक बिनडोक्याची बाई आडवी पडली होती आणि तो तिच्या बाहीत मुठीमुठीने पेंढा कोंबत होता. बाही निळी होती.

"क्लिफ!"

"लॉकडाउनमध्ये तू कोट घालून जाणार कुठे?"

"अरे, पोरीच्या लग्नातला कोट आहे तो!"

"मग बरंच झालं. समारंभात नुसतं उभं राहायचा त्याला अनुभव आहे. राजघराण्यातल्या बाईला असाच कोट लागतो."

मॉरीन खुर्चीत बसली. माणूस घरात कोंडला गेला की कोणी पाव भाजायला लागतो, कोणी गिटार शिकतो. आपल्या नवऱ्याने राजेशाही उलथायला घेतली, एवढंच, अशी तिने मनाची समजूत घातली.

मार्लथॉर्प गावची मे महिन्यातली जत्रा यंदा साथीने खाल्ली होती. तिच्या जागी ठरलं असं की प्रत्येकाने आपल्या दारापुढे एक बुजगावणं उभं करायचं आणि गावाने फिरायला निघताना ते लांबूनच बघायचं. कोणी डॉक्टर केला, कोणी कचरेवाला, कोणी आपली सासू. क्लिफर्डचा बेत मात्र निराळा होता.

साथ आली तसा देशभर एक जुनाच प्रश्न नव्याने उकळायला लागला होता : या राजघराण्याचा उपयोग काय? माणसं दवाखान्यात तडफडतायत, आणि ही मंडळी मोठमोठ्या बागांच्या घरांत बसून व्हिडिओवर धीर देतायत! कोणी म्हणे, तोच तर आधार. कोणी म्हणे, आधार द्यायला एवढे महाल कशाला? वर्तमानपत्रं रोज त्यांच्या लोकप्रियतेचे आकडे छापत. आज ही चढली, तो उतरला. टोमॅटो-बटाट्याचे भाव लागावेत तसे. किराणा दुकानाबाहेर लांब लांब उभी राहिलेली माणसंसुद्धा एकमेकांना ओरडून हेच विचारत.

क्लिफर्ड तो प्रश्न चाळीस वर्षं विचारत आला होता. गावच्या सभागृहातली राजघराण्याची तसबीर खाली उतरवावी, हा त्याचा ठराव दरवर्षी मांडला जाई आणि दरवर्षी आपटे. कारण राजनिष्ठा नव्हतं. क्लिफर्डने उभ्या हयातीत ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतल्या होत्या. निम्म्या गावाला त्याने नापास केलं होतं, आणि उरलेलं निम्मं गाव त्या निम्म्याचे नवरे-बायका होते. पण यंदा वारा त्याच्या बाजूने वाहत होता. तसबिरीच्या जागी गावची नर्स जॅनिस ऑर्म हिचा फोटो लावायचा, असं त्याने ठरावात घातलं होतं. मतदान येत्या शनिवारी, व्हिडिओवर. मरण्यापूर्वी एकदा तरी जिंकायचं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

म्हणून ही बाई. तिच्या कोपरात त्याने जुन्या गाडीच्या वायपरची मोटर बसवली. बटण दाबलं की बाईचा हात इकडे-तिकडे, इकडे-तिकडे, मंद आणि अखंड हलत राही. गोणपाटाचं कोरं डोकं लावून तिला रस्त्याकडेला हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणाशी खुर्चीवर बसवून त्याने तिच्या मांडीवर पाटी ठेवली : 'देशसेवा चालू आहे.'

"काही न करणं म्हणजे काय, ते आता लोकांना डोळ्यांनी दिसेल," तो हात झटकत म्हणाला.

पहिली आली ती शेजारची डॅफ्नी पिकरिंग. तिच्या कपाटात राजघराण्यातल्या प्रत्येक लग्नाच्या आठवणीचा छापील कप होता, मोडलेल्या लग्नांचेसुद्धा. क्लिफर्ड भांडणाच्या तयारीने दारात उभा राहिला. डॅफ्नीने काठी कुंपणाला टेकवली, स्कर्टची दोन टोकं चिमटीत धरली आणि गुडघे वाकवून बाईला मुजरा केला. गुडघ्यांचा कटकट आवाज क्लिफर्डपर्यंत आला.

"मिस्टर हॉबडे, शेवटी सुधारलात हो तुम्ही!"

"डॅफ्नी, हा उपहास आहे."

"असेल, असेल. कापड छान आहे पण."

"अहो, पाटी वाचा! मी टोमणा मारलाय!"

"वाचली की. खरंच आहे ते. बिचारी सकाळपासून हात हलवतेय."

दुपारपर्यंत गावभर झालं. बाई नेमकी कोण यावरून वाद जुंपला. काटकुळी आहे म्हणजे ही धाकटी सून, असं बेकरीवालीचं मत. हनुवटी पडलेली आहे म्हणजे थोरली आत्या, असं चर्चच्या घंटा वाजवणाऱ्याचं. ज्याला जी आवडे, ती त्याला तिच्यात दिसे. पेंढ्याला चेहरा नसतो, हीच त्याची मोठी सोय.

आणि मग एक भलतीच गोष्ट घडली. गाड्या हळू व्हायला लागल्या.

त्या रस्त्यावर वेगाला आळा घालावा म्हणून क्लिफर्डने किती अर्ज केले होते! शेतमालाचे ट्रक कोणाच्या बापाला जुमानत नसत. आता तेच ट्रक वळणावर ब्रेक लावत, काच खाली येई, एक केसाळ हात बाहेर येऊन बाईला टाटा करी आणि ट्रक गोगलगाईसारखा पुढे सरके. क्लिफर्ड खिडकीतून बघत राहिला.

"आरशात बघून ब्रेक मारला त्याने," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मॉरीन, आरशात बघून!"

"मग रडतोस कशाला?"

"रडत नाहीये मी. पेंढ्याचा त्रास होतो मला."

मग कोणीतरी खुर्चीखाली बीन्सचे डबे ठेवले, घराबाहेर न पडू शकणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी. दुसऱ्याने पास्ता ठेवला. तिसऱ्याने, त्या दिवसांत सोन्याच्या मोलाचा, टॉयलेट पेपर. 'इथे काही ठेवू नये' अशी क्लिफर्डने पाटी लावली, तर लोकांना वाटलं, व्यवस्था कडक आहे, म्हणजे विश्वासाने ठेवायला हरकत नाही. ढीग कुजायला नको म्हणून तोच ढकलगाडी घेऊन दारोदार निघाला. दार किलकिलं होई, सुरकुतलेलं तोंड हसे.

"बाईसाहेबांकडून आलं होय? देव त्यांचं भलं करो!"

"मी आणलंय," क्लिफर्ड म्हणे.

"हो हो, तुमचंही करो."

गुरुवारी आभाळ फाटलं. मोटर भिजून जळेल म्हणून क्लिफर्ड स्लिपर घालूनच छत्री घेऊन धावला आणि पाऊस थांबेतो बाईच्या डोक्यावर छत्री धरून स्वतः निथळत उभा राहिला. डॅफ्नीने खिडकीतून फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो जिल्ह्याच्या पेपरात होता. खाली ओळ होती : 'संकटातही अढळ राजनिष्ठा.' दहाच्या आत लिंकन शहरातून त्याच्या प्रजासत्ताकवादी संघाच्या अध्यक्षांचा फोन आला.

"हॉबडे, छत्री?"

"मोटरसाठी होती हो ती!"

"रशियात झार बुडाला तेव्हाही असाच एकजण छत्री घेऊन उभा असणार," म्हणत अध्यक्षांनी फोन ठेवला.

आता एकच उपाय होता. मतदानाआधी बाईला मोडायचं. शनिवारी सकाळी, दव वाळलंही नव्हतं तेव्हा, क्लिफर्ड पाना घेऊन कुंपणामागून वाकून निघाला. झाडावर ब्लॅकबर्ड पक्षी गळा मोकळा सोडून गात होता. तेवढ्यात गाडी थांबल्याचा आवाज आला. जॅनिस ऑर्म रात्रपाळीहून परतत होती. मास्कने गालांवर वळ उठले होते. तिने काच खाली केली.

"आज दोघं गेले, बाईसाहेब," ती म्हणाली.

बाईने हात हलवला. इकडे-तिकडे, इकडे-तिकडे. जॅनिसही तिच्याकडे बघत हात हलवत राहिली. मग तिने नाक पुसलं, आरसा नीट केला आणि गाडी घराकडे नेली.

क्लिफर्ड कुंपणामागे तसाच बसून राहिला. मग उठला, बाईच्या कोपरातला एक स्क्रू सैल झाला होता तो पान्याने आवळला, आणि घरात गेला.

सभा सुरू झाली ती गावसभेचे अध्यक्ष गॉर्डन विबर्ली यांच्या भाषणाने. आवाज बंद ठेवूनच ते ओठ हलवत होते, त्यामुळे भाषण सगळ्यांना फार आवडलं. मग क्लिफर्ड उभा राहिला. पडद्यावर फक्त त्याचा कमरेचा पट्टा दिसायला लागला.

"बस खाली," मॉरीन कुजबुजली.

"मित्रहो," तो बसून म्हणाला, "या साथीत त्या लोकांनी केलं काय? हात हलवला!"

"तुमच्या बाई दुसरं काय करतात?" डॅफ्नीने विचारलं. "नुसत्या हात हलवतात. त्यावर ट्रक थांबतात, म्हाताऱ्यांना जेवण मिळतं. तुम्हीच सिद्ध केलंत, मिस्टर हॉबडे."

पडद्यावरचे सगळे चौकोन हसले. क्लिफर्डची कानशिलं तापली. चाळीस वर्षं डोळ्यांपुढून गेली आणि तो ओरडला, "पण ती पेंढ्याची आहे! तिला ना महाल, ना नोकर, ना भाऊबंदकी! गावाने बसवली म्हणून बसलीय, नको झाली तर गाव उचलून ठेवील. जन्माने नाही आलेली ती, कोटाने आलीय!"

एका चौकोनात जांभई आवरत जॅनिस बसली होती.

"मग तिचाच फोटो लावा ना," ती म्हणाली. "माझा नको. रोज सभागृहात स्वतःचं थकलेलं थोबाड कोण बघणार?"

क्लिफर्डला दम लागला होता, तरी संधी कळली. "दर वर्षी मतदान घ्यायचं असेल, तरच!" तो म्हणाला. "मुदत पाहिजे. मुदतीशिवाय मी कोणाला मानणार नाही."

सगळ्यांनी हात वर केले. डॅफ्नीनेसुद्धा. गॉर्डननी निकाल सांगितला, तोही आवाज बंद ठेवून, पण त्यांचा अंगठा वर होता. तसबीर उतरणार! मार्लथॉर्पला इतिहासात पहिल्यांदा निवडून आलेली प्रमुख मिळाली, आणि क्लिफर्ड हॉबडे जिंकला. त्या संध्याकाळी त्याने मॉरीनला किचनमध्ये चक्क एक गिरकी घ्यायला लावली.

दुसऱ्या दिवशी तो बाईची कॉलर ब्रशने साफ करत असताना कुंपणापलीकडून डॅफ्नीची टोपी वर आली. तिच्या बागेत, खांबाला टेकून, कुणीतरी नवं उभं होतं. अंगात निळा ॲप्रन, हातात दुधाच्या बाटल्या.

"हे काय?" क्लिफर्डने विचारलं.

"दूधवाला. पुढच्या वर्षी उभा करणार आहे निवडणुकीला. माझ्या मनात आलं, तुमचंही चूक नाही. काम करणारा साधा माणूस नको का वर बसायला?"

क्लिफर्डचा ब्रश थांबला. "आमच्या बाईंच्या विरोधात?"

"का हो? ठरावात आहे की."

"अहो, पण गरज काय? ट्रक थांबतायत, म्हातारे जेवतायत. लोकांना सवय झालीय. एवढ्या चांगल्या चाललेल्या गोष्टीत दर वर्षी ढवळाढवळ कशाला? आणि हा तुमचा दूधवाला... याला हात तरी हलवता येतो का?"

"क्लिफ!" मॉरीन खिडकीतून ओरडली. "वर्षाची मुदत तूच घातलीस!"

क्लिफर्डने बाईच्या खांद्यावरची पेंढ्याची काडी अलगद उचलली.

"मुदत काय," तो म्हणाला, "वाढवता येते."