रिकामा चाप

एमेटनं आपलं जुनं परदेशी लष्करी पिस्तूल जावयाला साफसफाईसाठी दिलं, तेव्हा एकच अट घातली. "गोळी नसताना चाप ओढायचा नाही. जुनं पोलाद आहे, गोळीवर आपटणारी फायरिंग पिन तुटते."

"नाही ओढणार, सर," वेंडेल म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं होऊनही माजी सार्जंट सासऱ्याला तो 'सर'च म्हणायचा.

शुक्रवारी दुपारी त्यानं पिस्तूल पुसून तेल दिलं. गोळ्यांचं मॅगझिन काढलेलं होतं, नळी दोनदा तपासलेली होती. मग भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरून त्यानं चाप ओढला. टक! आवाज इतका गोड, की त्याला राहवेना.

"बाबांनी काय सांगितलंय?" बायको, लॉर्ना, स्वयंपाकघरातून ओरडली.

"अगं, रिकामंच आहे!"

"मग त्यांनी भरलेल्याबद्दल सांगितलं होतं का?"

विसाव्या खेपेला 'टक'ऐवजी 'थप्' झालं. उघडून पाहतो तर पिनचे दोन तुकडे, आणि पुढचा तुकडा भोकात घट्ट रुतलेला. इंटरनेटवर निम्मे लोक म्हणत होते, काही होत नाही. उरलेल्यांनी तुटलेल्या पिनांचे फोटो टाकले होते. एकानं बजावलं होतं, रुतलेलं टोक पुढे आलं असेल, तर नुसतं भरतानाच गोळी सुटू शकते.

नवी पिन मिळणार होती सोमवारी. सासऱ्याच्या क्लबची नेमबाजी होती शनिवारी. वेंडेलनं ठरवलं, पिस्तूल घरीच विसरल्याचं सांगायचं.

पण शनिवारी सकाळी सातलाच एमेटचा ट्रक दारात उभा राहिला. म्हातारा आत आला, टेबलावरची पेटी स्वतःच उचलली आणि म्हणाला, "चल."

वाटेत वेंडेलनं तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा हवामानावरच बोलला.

मैदानावर क्लबचे आठ-दहा म्हातारे जमले होते. हॉलिस नावाचे गृहस्थ नवख्यांना दरडावत होते, "चापाशी खेळ चालणार नाही!" एमेट रांगेत उभा राहिला. मॅगझिन खटकन बसवलं. पिस्तुलाचा वरचा भाग मागे खेचला. आता तो सोडला की गोळी आत जाणार.

"सोडू नका!" वेंडेल किंचाळला. "सर, पिन तुटलीय! मीच तोडली! टोक आत अडकलंय!"

नळी समोरच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून एमेटनं मॅगझिन काढलं, पिस्तूल उघडं ठेवलं आणि हलकेच टेबलावर टेकवलं.

"किती वेळा ओढलास?"

"वीस."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"भीती वाटली, सर."

"माझी?"

"हो."

एमेटनं पिस्तुलाकडे पाहत मान हलवली. मग म्हणाला, "गोळीला भ्यायला हवं होतंस, गाढवा. पिनचं काय एवढं? माझी पहिली तर तिसऱ्याच 'टक'ला तुटली होती."

"तुमची?"

"नाहीतर मला कसं कळलं, की तुटते म्हणून?" त्यानं कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. आत दोन नव्याकोऱ्या पिना होत्या. "बस इथे. स्वतःच्या हातानं बसव."

वेंडेल घाम पुसत कामाला लागला. आजूबाजूचे लोक पांगले. हॉलिस मात्र तिथेच घुटमळत राहिले. इकडेतिकडे पाहून ते एमेटच्या कानाशी वाकले.

"दुसरी जास्तीची आहे का रे?" ते पुटपुटले. "आमचंही काल... थप् झालंय."