बारा कासवांचं बीजक

"माझ्या नजरेतून आजवर काहीही सुटलेलं नाही," असं म्हणत मामा भाचीच्या शिवणाच्या खोलीत शिरला, उंबऱ्याला अडखळला आणि थेट कापसाच्या गोणीत जाऊन बसला. बसल्या बसल्याच त्याने वाक्य पुरं केलं. "भल्याभल्यांना जे दिसत नाही, ते मला दिसतं. तपास माझ्या रक्तातच आहे."

तपास त्याच्या रक्तात नव्हता, हुद्द्यात होता. लिफ्ट-तपासनीस म्हणून त्याने सगळं आयुष्य वर-खाली करण्यात घालवलं, आणि निवृत्त झाल्यावर त्या 'तपासनीस' शब्दाचं जरा जास्तच मनावर घेतलं. शेजाऱ्यांची हरवलेली छत्री आणि जिन्यात येणारा वास ही त्याची गाजलेली प्रकरणं. छत्री अजून सापडलेली नाही. वास गेला, पण आपणहून.

भाचीने खरं तर मामीला बोलावलं होतं. मामी भाजी घेऊन मागून येत होती आणि मामा रिकामाच होता, म्हणून तो आधी पोचला.

भाची कापडी कासवं शिवून ऑनलाइन विकायची. मुलांना बसता येईल एवढी मोठी, मऊ कासवं. त्यांच्यासाठी तिने चांगली नोकरी सोडली होती, आणि अख्ख्या घराने तिला वेड्यात काढलं होतं. आता कुठे जम बसत होता. अशात एका गिऱ्हाइकाने एकदम बारा कासवं घेतली. पैसे आले, माल पोचला, कौतुकही झालं. मग निरोप आला: "कृपया कर बीजक पाठवावे…"

तिने टॅक्सचं बिल पाठवलं. पुन्हा तोच निरोप. तिने बिल पुन्हा पाठवलं. पुन्हा तोच. "बिल मिळालं ना?" असं विचारलं, तरी उत्तर तेच, अक्षर न् अक्षर तेच. वेबसाइटच्या मदत केंद्राला विचारलं, तर तिथल्या यंत्राने 'आपला प्रश्न सुटल्याबद्दल अभिनंदन' कळवलं आणि पाठोपाठ दुसरी नोटीस धाडली: गिऱ्हाइकाची बिलाची मागणी शुक्रवारपर्यंत पूर्ण न झाल्यास दुकान बंद करण्यात येईल. आज गुरुवार होता, आणि दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"बीजक!" मामा गोणीतून उठला. "बीजक म्हणजे काय, माहीत आहे?"

"बिल, मामा."

"ते तुमच्या दुकानदारीत. मूळ अर्थ काय? पुरलेल्या धनाचा ठावठिकाणा सांगणारा लेख! आणि कर म्हणजे हात. याचा अर्थ, धन हाताशीच आहे."

"कर म्हणजे टॅक्स, मामा."

"सामान्य माणसाला तसंच वाटतं," मामा मायेने म्हणाला, आणि ती कात्री लपवण्याआधीच त्याने विक्रीला तयार असलेल्या एका कासवाचं पोट फाडलं. आतून कापूस निघाला. मग आणखी कापूस निघाला. शेवटपर्यंत कापूसच निघाला.

"एक शक्यता बाद झाली," मामा नाकावरचा कापूस झटकत म्हणाला. "तपास असाच पुढे सरकतो."

"आणि माझं कासव?"

"ते तपासाच्या कामी आलं."

पुढची शक्यता म्हणजे वेषांतर केलेला कर अधिकारी. "मला सांग, एका माणसाला बारा कासवं कशाला लागतात? एक असेल तर समजू शकतो. दोन, जोडी म्हणून. बारा कासवं सरकारलाच परवडतात." भाचीने आठवण करून दिली की आपण कर वेळच्या वेळी भरतो. "म्हणूनच संशय आला असेल त्यांना," मामा म्हणाला. मग त्याने सगळा संशय कापडी ससे विकणाऱ्या एका बाईवर नेला. सशावाल्यांच्या मनात कासवांबद्दल आकस असतोच, हा त्याचा मुद्दा होता.

शेवटी त्याने भाचीचा फोन नाकाजवळ धरून निरोप न्याहाळला. "टिंबं पाहिलीस? तीन! वाक्य पुरं केलेलं नाही. बोलता बोलता थांबलाय हा. जो थांबतो, तो लपवतो. ही धमकी आहे."

तेवढ्यात कुरिअरवाल्याने बेल वाजवली. भाची दारापर्यंत गेली, पार्सल देऊन परत आली. एवढ्या वेळात मामाने उत्तर धाडलं होतं: "तुमचा डाव आम्ही ओळखला आहे. कासवांच्या पोटात काय आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. शहाणे असाल तर गप्प बसा. – तपास विभाग."

ते वाचून भाची ओरडली, "मामा, माझं दुकान गेलं रे!"

"शत्रू आता चुका करील," मामा म्हणाला.

इतक्यात मामी जिना चढून, दम टाकत आत आली. तिने पिशवी ठेवली, फाटलेल्या कासवाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि काहीही न विचारता फोन हातात घेतला.

"पुढे काय लिहिलंय त्याने?"

"पुढे काही नाही," मामा म्हणाला. "टिंबं आहेत. त्यांचा अर्थ असा की..."

"अहो, जागा पुरली नाही की फोन टिंबं टाकतो. दाबली की बाकीचं उघडतं." मामीने अंगठा टेकवला आणि मोठ्याने वाचलं: "कृपया कर बीजक पाठवावे, पण माझ्या नावाने नको, दवाखान्याच्या नावाने हवे. नाव आणि कर क्रमांक खाली देत आहे. लहान मुलांचा दंतवैद्य आहे. मुलं खुर्चीत रडतात, कासवावर रडत नाहीत. बिल नीट आले की आणखी वीस घेईन. अडचण असल्यास फोन करावा."

आपल्यालाही हे सुचू नये, याची भाचीला मनापासून लाज वाटली. मामाला तसलं काही वाटलं नाही. "दंतवैद्य!" तो म्हणाला. "माझ्या ओठांवर आलं होतं."

भाचीने बिल दवाखान्याच्या नावाने करून धाडलं आणि लगेच फोन लावला.

"बिल मिळालं, आता बरोबर आहे," दंतवैद्याचा आवाज जरा घाबरलेला होता. "पण त्या तपास विभागाच्या निरोपाने मी हादरलो हो. मुलं बसतात त्यांच्यावर. आत काही भलतंसलतं असलं तर? आम्ही बाराच्या बारा उसवून पाहिली."

"काय निघालं?"

"कापूस."

भाचीने हात जोडून माफी मागितली. फोनवर हात दिसत नाहीत, तरी जोडले. सगळी कासवं फुकट शिवून द्यायचं कबूल केलं. कोण होता तो माणूस, असं दंतवैद्याने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "घरचाच आहे." पलीकडून एक समजूतदार उसासा आला.

शनिवारी उसवलेली कासवं परत आली. भाची आणि मामीने अकरा शिवली. बारावं मामीने नवऱ्यापुढे टाकलं आणि सुईत दोरा ओवून दिला. मामाने दुपारभर ते शिवलं. डोकं मागे गेलं, शेपटी पुढे आली. उसवायला वेळ नव्हता, कुरिअरवाला दारात उभा होता. भाचीने डोळे मिटून पार्सल बंद केलं.

सोमवारी दंतवैद्याचा फोन आला. "ते उलटं कासव कुणी केलं?"

भाचीने लगेच कबूल केलं, "चुकून झालं. बदलून देते."

"बदलू नका! त्याच्यावर बसायला मुलं भांडतायत. पुढची वीस तशीच उलटी पाठवा. बिल दवाखान्याच्याच नावाने."

भाचीने फोन ठेवून बातमी सांगितली. मामा खुर्चीत ताठ बसला आणि छताकडे पाहू लागला.

"मी ते मुद्दामच तसं शिवलं होतं," तो म्हणाला.

मामीने वीस कासवांचं कापड उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"मग शिवा."